स्पर्धा सोडा, पण जोडीदाराला आधी सांगा

वाचकाचं पत्र (संक्षिप्त):

ताई, नमस्कार. मी देवगड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. वय ३८. शाळकरी वयापासून कॅरम खेळतोय. गावच्या मंडळातून सुरुवात झाली, मग तालुका, मग जिल्हा. सावंतवाडीपासून चिपळूणपर्यंत जिथे स्पर्धा असेल तिथे आम्ही जायचो. दुहेरीतला माझा जोडीदार माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. पंधरा वर्षं आम्ही एकत्र खेळतोय. पण हल्ली मला जावंसंच वाटत नाही. पूर्वी पावसाळ्यात मंडळात सगळ्यात आधी मी पोचायचो, बोर्डावरचा बल्ब लावायचो. आता पहिला बोर्ड अर्धा झाल्यावर जातो. गेल्या मे महिन्यात आम्ही एक मोठी स्पर्धा जिंकलो. ढाल घरी आणली, कपाटावर ठेवली आणि झोपलो. काहीच वाटलं नाही.

दुसरी गोष्ट सांगायला जरा संकोच वाटतो. माझा मामेभाऊ अमेरिकेत सिॲटलला असतो. २०२२ साली त्याने व्हिडिओ कॉलवर तिथल्या बेसबॉल संघाचा, सिॲटल मॅरिनर्सचा एक सामना दाखवला आणि तेव्हापासून मला त्याचं वेड लागलं. सकाळी शाळेआधी सामने बघतो. वहीत नोंदी ठेवतो. दिवाळीत संघ हरला तेव्हा दोन दिवस घरात कोणाशी बोललो नाही, रांगोळी बघायला बोलावणाऱ्या मुलीवर ओरडलो. बायको म्हणते, तुम्ही घरात असून नसता. जोडीदाराने दोनदा विचारलं, "बरा वाटत नाय काय रे?" परवा म्हणाला, "तू नसलंस तर कोणावांगडा खेळतलंय मी?" (कोणाबरोबर खेळू मी?) माझ्यातली धमक गेली का? स्वतः खेळायचं सोडून दुसऱ्यांचा खेळ बघत बसणारा माणूस झालो का मी? कॅरम सोडू का? आणि मंडळाची वर्गणी भरायची की नाही?

उत्तर:

सर, सप्रेम नमस्कार.

थेट सांगते. स्पर्धा सोडा. मात्र ही गोष्ट तुमच्या जोडीदाराला तुमच्या तोंडून कळली पाहिजे, आणि याच आठवड्यात. बाकीचं सगळं त्यानंतर.

त्यांचं आधी का, ते सांगते. दुहेरीत दोघं समोरासमोर बसतात आणि बोर्ड चालू असताना एकमेकांना काही सांगायचं नसतं, खूण करायची नसते. पंधरा वर्षं तुम्ही दोघं न बोलता एकमेकांचं ओळखत आलात. समोरचा कुठली सोंगटी सोडणार, राणी घेतली तर कव्हरला कुठली जाणार, हे तुम्हाला त्याच्या बसण्यावरून कळत असणार. नेमकी हीच सवय आता आडवी येतेय. तुम्हाला वाटतंय, त्याला समजेलच. त्याला काहीतरी समजलंय हे नक्की, म्हणून तर तो दोनदा विचारतोय. पण त्याने काय समज करून घेतलाय, ते तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही नाराज आहात, किंवा दुसरा जोडीदार बघितलाय, असंही त्याला वाटत असेल.

त्याचं ते "कोणावांगडा खेळतलंय मी?" मला टोमणा वाटला नाही. तो चव्वेचाळीसचा आहे. तुमची हौस सरली, त्याची शाबूत आहे, आणि नवा जोडीदार शोधून हात जुळवायला त्याच्याकडे तुमच्याइतकी वर्षं नाहीत. त्याला खरीच भीती वाटतेय. गणपतीत चाकरमानी आले की गावोगाव स्पर्धा लागतात. त्याच्या आठवडाभर आधी तुम्ही अंग काढून घेतलंत, तर तो कोणालातरी पकडून उतरेल आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडेल. आज सांगितलंत तर त्याला पूर्ण पावसाळा मिळतो.

सांगताना निवडणुकीचं काम, पाठीचं दुखणं, मुलीचा अभ्यास असलं काही पुढे करू नका. शिक्षकाच्या नोकरीत सबबींना तोटा नसतो, पण प्रत्येक स्पर्धेला नवी सबब शोधावी लागेल आणि तिसऱ्या वेळी तो विचारायचंच बंद करेल. मंडळात चार जणांसमोरही नको. त्याच्या घरी जा, पडवीत बसा, चहा होऊ द्या आणि सांगा की माझी स्पर्धेची हौस संपली, तुझ्याशी काही बिनसलेलं नाही. त्याला हवं असेल तर यंदाचे गणपती शेवटचे म्हणून एकत्र खेळा. मात्र ते त्याने ठरवू दे. तो रागावला तर रागावू द्या. पंधरा वर्षांची जोडी मोडतेय, तेवढा हक्क त्याला आहे. लगेच समजूत काढायला जाऊ नका.

आता तुमच्याकडे येते. धमक गेली का, असं विचारता. तुमच्या पत्रातच मला याचं उत्तर दिसलं, आणि ते बल्बच्या वाक्यात आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे कॅरम खेळणं म्हणजे काय, हे कोकणाबाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. हवेतल्या ओलीने प्लाय जड होतो, बोरिक पावडरच्या गुठळ्या होतात, स्ट्रायकर अर्ध्या वाटेवर दमतो. खेळ सुरू व्हायच्या आधी कोणीतरी जाऊन बल्ब खाली ओढून लावायचा, बोर्ड तापू द्यायचा, फडक्याने पुसायचा, तेव्हा कुठे सोंगटी सरळ जाते. इतकी वर्षं ते काम तुम्ही केलंत, कोणी न सांगता. ते करावंसं वाटणं थांबलं, त्याच दिवशी तुमचं आतून ठरलं होतं. ढाल कपाटावर ठेवून झोप लागली, हे फार नंतरचं.

तुम्हाला एक नियम पाठच असणार. गेम पंचवीस गुणांचा, राणीचे तीन गुण, पण खेळाडूचे बावीस झाले की पुढे राणी घेतली तरी ते तीन गुण त्याला मिळत नाहीत. राणी तीच आणि नेमही तोच असतो. तुमचे बावीस होऊन गेलेत, असं मला वाटतं. गावातल्या एका मुलाला तालुक्यात नाव मिळवायचं होतं, ते मिळालं. वयाच्या विशीत तुमच्या गावात मोठं व्हायचा तोच एक रस्ता तुम्हाला दिसत होता, आणि तुम्ही तो शेवटपर्यंत चालून गेलात. आज शाळेत मुलं तुम्हाला सर म्हणतात, घरी मुलगी वाट बघते. आता आणखी एका ढालीने तुमच्यात काय भर पडणार? पडत नाही, म्हणून काही वाटत नाही. यात कमीपणा कसला? खेळाडू म्हणून तुम्ही कमी पडला असतात तर हरल्यावर ही भावना आली असती. ती जिंकल्यावर आली.

मॅरिनर्सबद्दल सांगताना तुम्हाला संकोच वाटला, तो मला पटला नाही. आपल्या किनाऱ्यावर असं एखादं घर दाखवा, ज्याचा जीव दूर कुठेतरी अडकलेला नाही. कोणाचा मुलगा जहाजावर असतो, कोणाची बहीण आखातात, निम्मा गाव मुंबईत. तुमचा मामेभाऊ सिॲटलला आहे आणि तुम्ही त्याच्या गावच्या संघावर जीव लावलात. शिवाय तुम्ही सोपा संघ निवडलेला नाही. १९७७ पासून खेळणारा हा संघ २०२५ पर्यंत एकदाही वर्ल्ड सिरीजला, म्हणजे अंतिम लढतीला, पोचलेला नाही. आजच्या तीस संघांत असा हा एकटाच. २००१ नंतर त्यांना प्लेऑफचं, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीचं, तोंड दिसलं ते थेट २०२२ मध्ये, त्यांच्या कॅल रॅलीने नवव्या, शेवटच्या इनिंगमध्ये (डावात) मारलेल्या होमरनने, म्हणजे थेट मैदानाबाहेर गेलेल्या चेंडूने, आणि मामेभावाने तुम्हाला जोडलं तेही त्याच साली. ढाली घरी आणणाऱ्या माणसाला हा संघ आवडावा, यात मला अर्थ दिसतो. जिंकण्याशिवायही खेळात काहीतरी असतं, ते बघायची तुम्हाला ओढ होती.

पण काळजी वाटते ती पुढच्याच गोष्टीची. स्पर्धा सोडताय खरी, पण तिचा ताप तसाच्या तसा मॅरिनर्सवर नेऊन टाकताय.

दिवाळीतलं बघा. २१ ऑक्टोबर २०२५, लक्ष्मीपूजनाचा दिवस. टोरांटोत वीस तारखेची रात्र, देवगडला पहाटेचे साडेपाच वाजून गेलेले. प्लेऑफच्या त्या मालिकेचा सातवा, शेवटचा सामना. सातव्या इनिंगपर्यंत मॅरिनर्स ३-१ ने पुढे, आणखी आठ आऊट मिळाले की पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज. दोन धावपटू बेसवर (धावेच्या वाटेवरच्या थांब्यांवर), आणि टोरांटोच्या ब्लू जेज संघाच्या जॉर्ज स्प्रिंगरने होमरन मारला, एकदम तीन धावा. सामना ४-३ असा गेला. वाईट वाटणारच, मलाही वाचताना वाटलं. सिॲटलमध्ये किती लोक त्या दिवशी जेवले नसतील. त्या सकाळी तुम्ही गप्प बसलात, याला मी काही म्हणणार नाही. पण दोन दिवस? आणि रांगोळी दाखवायला आलेल्या पोरीवर ओरडणं? ते कॅरममधलं जुनं हरणं होतं. बाद फेरीत एकदा हरलं की बाहेर, आणि घरी येताना गाडीत कोणी बोलायचं नाही. वीस वर्षं तुम्ही असंच हरत आलात. दुसऱ्या कुठल्या पद्धतीने हरायचं, हे तुम्हाला कोणी शिकवलं नाही.

बेसबॉल ते शिकवू शकेल, जर तुम्ही तो बाद फेरीच्या डोळ्यांनी बघणं सोडलंत. एका हंगामात १६२ सामने. तुमच्या संघाने २००१ मध्ये ११६ जिंकले, अमेरिकन लीगमध्ये एका हंगामात इतके विजय कोणाचेही नाहीत. त्याच वर्षी तो संघ ४६ सामने हरला होता. २०२५ मध्ये ९० जिंकून गटात पहिला आला, तरी ७२ हरला. फलंदाजाला दहा वेळा संधी मिळून तीनदा हिट जमली, म्हणजे चेंडू मारून बेस गाठता आला, तरी तो उत्तम समजला जातो. मार्चअखेरीला हापूस पेटीत भरायला लागतो तेव्हा हंगाम सुरू होतो आणि पाऊस सरेपर्यंत जवळजवळ रोज सामना. आज हरले, उद्या पुन्हा मैदानात. इतक्या वेळा हरायचं म्हटल्यावर प्रत्येक हार अंगाला लावून घेता येत नाही, मग खेळाडू तिला बाजूला ठेवायला शिकतो. ते त्यांचं कसब मला होमरनहून मोठं वाटतं. तुम्ही ते रोज सकाळी बघताय आणि तरी उचललेलं नाही.

म्हणून तुमच्या त्या वहीबद्दल बोलते. तुम्ही कॅरमच्याही नोंदी अशाच ठेवायचात, असं पत्रात पुढे लिहिलंय: कोणाविरुद्ध किती बोर्ड, कुठे फाऊल झाला. बेसबॉलची वही फेकून द्या असं मी म्हणत नाही. आकड्यांत रमणं हा त्या खेळाचाच एक भाग आहे. पण तुमच्या वहीत निकाल आणि चुका एवढंच आहे. पुढचा महिनाभर तिच्यात फक्त आवडलेली एक गोष्ट लिहा. फलंदाजामागच्या कॅचरने एखादा खाली पडणारा चेंडू कसा अंगावर घेतला, कोणी कसा हळूच बंट करून, म्हणजे चेंडूला बॅट नुसती टेकवून, सोबत्याला पुढे सरकवलं. पत्रात तुम्ही एका बंटबद्दल अर्धं पान लिहिलंय आणि तुमच्या स्वतःच्या ढालीबद्दल दोन ओळी. ते अर्धं पान वाचताना मला तुमचा हात ओळखू आला, हलक्या कटने सोंगटी सोडणाऱ्याचा.

वेळेचंही ठरवून टाका, कारण बायको जे म्हणते ते घड्याळाशी जोडलेलं आहे. संघ घरी खेळतो तेव्हा तिथल्या संध्याकाळचे सामने आपल्याकडे सकाळी सात-साडेसातच्या सुमारास सुरू होतात. २०२३ पासून चेंडू टाकणाऱ्या पिचरवर घड्याळ आलंय, बेस रिकामे असतील तर पंधरा सेकंदांत चेंडू टाकावाच लागतो, त्यामुळे पूर्वी तीन तासांच्या वर जाणारा सामना आता अडीच-पावणेतीन तासांत आटोपतो. शाळेच्या वेळेआधी तो जेमतेम बसतो. पण संघ पूर्व किनाऱ्यावर गेला की तोच सामना आपल्याकडे पहाटे साडेचार-पावणेपाचला, आणि तिथल्या रविवार दुपारचा सामना आपल्याकडे रात्री अकराच्या सुमारास. हे सोडून द्या. निकाल नंतर वाचा. सकाळच्या सामन्यांपैकीही सगळे नकोत. आठवड्यातले दोन-तीन ठरवा आणि कुठले, ते बायकोला विचारून ठरवा. उरलेल्या सकाळी मुलीची वेणी, डबा, गॅसवरचं दूध, यातलं काहीतरी तुमच्या अंगावर घ्या. ती "घरात असून नसता" म्हणते तेव्हा तिची तक्रार बेसबॉलबद्दल आहे असं धरून चालू नका. कॅरमच्या वीस वर्षांत शनिवार-रविवार कुठे गेले, तेही त्यात आलं. तिने कधी बोलून दाखवलं नसेल, तुम्ही विचारलंही नसेल. एकदा विचारा, आणि मग मधे न बोलता ऐका.

किरकोळ रजांचंही तेच. ११ ऑक्टोबरच्या शनिवारी, डेट्रॉइटविरुद्धच्या पंधरा इनिंगच्या सामन्यासाठी तुम्ही सकाळच्या शाळेला रजा टाकलीत. तो सामना पाच तास चालला आणि तुमचा संघ जिंकला, ती रजा सत्कारणी लागली असं समजा. पण वर्षाला एक, फार तर दोन. रजा मुलीच्या शाळेतल्या कार्यक्रमालाही लागते.

दुसऱ्यांचा खेळ बघत बसणारा माणूस झालो का, या तुमच्या प्रश्नावर मला तुमच्याच संघाचा जपानी फलंदाज इचिरो आठवला. २००४ मध्ये एका हंगामात २६२ हिट्स, चौऱ्याऐंशी वर्षांचा विक्रम मोडला. २०१९ मध्ये टोकियोत निवृत्त झाला, २०२५ मध्ये बेसबॉलमधला सर्वोच्च मान असलेल्या हॉल ऑफ फेममध्ये गेला, तिथे जाणारा पहिला जपानी खेळाडू. निवृत्तीनंतर त्याने काय केलं? जपानात मित्रांना घेऊन एक हौशी संघ काढला आणि शाळकरी मुलींच्या निवड संघाविरुद्ध स्वतः पिचिंग करायला उभा राहिला. पूर्ण ताकदीनिशी, तयारी करून. कुठल्या तक्त्यात त्याचे गुण धरले जात नव्हते. त्याच्याइतकं सिद्ध करून झालेल्या माणसालाही चेंडू हातात घ्यावासा वाटतो, तर तुम्ही स्ट्रायकर कपाटात कुलूप लावून ठेवायचं कारण नाही. स्पर्धा सोडायची आहे, कॅरम नव्हे.

पण लगेच शाळेतली मुलं गोळा करून त्यांना जिल्ह्याच्या तयारीला लावू नका. शिक्षकांना हा मोह पटकन होतो आणि तुम्हाला नक्की होईल. मग मुलांच्या हाताने तुम्हीच परत स्पर्धेत उतराल, आणि एखादं पोर उपांत्य फेरीत हरलं की गाडीत तीच शांतता. एक वर्ष तरी थांबा. घरचा बोर्ड पडवीत ठेवा आणि मुलीबरोबर खेळा. ती गुण मोजायला लागली तर तिला मोजू द्या. तुम्ही मोजू नका, आणि तिचं बोट कसं हवं ते सांगू नका. तुम्ही लिहिलंय की मागच्या वेळी ती दहा मिनिटांत उठून गेली. दहा मिनिटांत तुम्ही तिला किती वेळा थांबवून शिकवलंत, ते आठवून बघा. तिला अंगठ्याने मारायचं असेल तर मारू दे. राणी कव्हरशिवाय घेऊन ती नाचली तर नाचू दे. नियम ती विचारेल तेव्हा सांगा.

मामेभावाशीही एकदा बोला. सामन्यांचे निरोप तुम्ही दोघं रोज पाठवता, पण तो तिथे कसा आहे, त्याला गावाकडे यावंसं वाटतं का, यातलं पत्रात काहीच नव्हतं. तुम्हाला हा संघ त्याने दिला. शक्य आहे की त्यालाही गावातलं कोणीतरी त्याच्या बाजूने बसलेलं हवं असेल.

राहिली वर्गणी. ती भरा, यंदाही आणि पुढेही. मंडळाच्या वर्गणीतून बोर्ड येतात, बल्ब येतात, पावडर येते आणि आठवीतली-नववीतली मुलं संध्याकाळी तिथे बसतात. तुम्ही खेळत नाही म्हणून तो खर्च थांबत नाही. वर्ष-दीड वर्षाने ओढ वाटली, तर पंच म्हणून बसा. नियम तुम्हाला पाठ आहेत आणि निकालात तुमचं काही अडकलेलं नसेल, गावोगावच्या स्पर्धांना अशा पंचाची गरज असते. तोवर पावसाळ्यात एखाद्या संध्याकाळी वेळ मिळाला तर जाऊन नुसते बसा. कोणी "एक बोर्ड होऊन जाऊ दे" म्हणालं आणि मन झालं तर खेळा, नाही झालं तर नको म्हणा. मात्र तिथे जायच्या आधी जोडीदाराच्या घरी जाऊन या.